‘जीव तर वाचला ना!’

एच.आय.व्ही.ची गोळी घेणाऱ्या माणसाने आपल्या शरीराबद्दल तक्रार केली, की त्याला मिळणारं उत्तर ठरलेलं असतं. जीव तर वाचला ना? मग गाल बसले, हातपाय काटकुळे झाले, पोट सुटलं, मानेमागे चरबीचा गोळा आला, तर एवढं काय मनाला लावून घ्यायचं? याच रोगाने माणसं पटापट जात होती, आता सरकार फुकट औषध देतं, आणि तुम्ही आरशापुढे उभं राहून रडता? हे घरचे बोलतात, शेजारचे बोलतात, कधी कधी पांढरा कोट घातलेला माणूसही बोलतो. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, हे मला मान्य आहे. माझी मान्यता तिथेच संपते. हे मत मुळापासून चूक आहे आणि त्याने माणसांचं रोज नुकसान होतं.

आधी घडलं काय, ते सांगायला हवं, कारण ‘काय मनाला लावून घ्यायचं’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते ठाऊकच नसतं. १ एप्रिल २००४ पासून आपल्या देशात सरकारी रुग्णालयांतून एच.आय.व्ही.चं औषध मोफत मिळू लागलं. महाराष्ट्रात सुरुवात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातून झाली. पहिल्या फळीतल्या औषधांत स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन ही तीन एका गोळीत यायची. ‘सिप्ला’ने २००१ साली अशी गोळी वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचे तेच उपचार वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होते. या गोळीने लाखो माणसं जगली. त्याबद्दल कोणीही कृतघ्न नाही, आणि मी तर नाहीच.

पण त्यातल्या स्टॅव्हुडिनचा एक गुण होता. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाला स्वतःच्या डी.एन.ए.ची नक्कल करायला जे विकर लागतं, ते हे औषध अडवत असे. चरबीच्या पेशी त्यात मरत. आधी गाल, मग कानशिलं, दंड, मांड्या, कुल्ले. सिडनीच्या अँड्र्यू कार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये औषध घेणाऱ्यांच्या शरीरातल्या चरबीच्या या उलथापालथीचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. तेव्हा संशय दुसऱ्या एका गटातल्या औषधांवर होता, पण दोनेक वर्षांतच बोट स्टॅव्हुडिनकडेही वळलं. म्हणजे आपला मोफत कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ही गोष्ट माहीत होती. २००५ मध्ये पुण्याचे डॉ. संजय पुजारी आणि सहकारी यांनी आपल्याच भागातल्या रुग्णांचा अभ्यास छापला. औषधावर असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या शरीरात हे बदल त्यांना दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्हुडिन टप्प्याटप्प्याने बंद करा, असं सांगितलं ते २००९ च्या नोव्हेंबरात. आपल्याकडे ते प्रत्यक्ष बंद व्हायला आणखी काही वर्षं गेली.

दुसरं औषध नव्हतं का? होतं, झिडोव्हुडिन. पण त्याने रक्त कमी होतं, म्हणून हिमोग्लोबिन कमी असलेल्यांना ते देता येत नसे. आमच्या पूर्व विदर्भात रक्त कमी असलेल्या बायका घरोघरी आहेत, वर सिकलसेल आहे. त्यामुळे स्टॅव्हुडिन ज्यांच्या वाट्याला आलं, त्यात या बायका ओघानेच आल्या. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता, हे म्हणणं मी समजू शकतो. पण मार्ग नव्हता म्हणून जे झालं ते झालंच नाही, किंवा झालं तरी त्याचं काही नाही, हे कुठून आलं?

आता एकेक मुद्दा घेऊ. पहिला, ‘ही दिसण्याची हौस आहे’ हा.

गोंदिया-भंडाऱ्यात बिड्या वळणं हे हजारो बायकांच्या पोटाचं साधन राहिलं आहे. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि जर्दा, हातात कात्री, आणि खाली जमीन. मजुरी हजारावर मिळते, म्हणून हजार होईपर्यंत उठायचं नाही. कुल्ल्यांची चरबी गेलेली बाई अशी किती वेळ बसू शकेल? खाली थेट हाडं टेकतात. गोधडीची घडी घाला, पोतं घाला, तासाभराने ती टोचायला लागतातच. तळपायाखालची चरबी विरळ झाली की रोवणीच्या दिवसांत बांधावरून अनवाणी चालताना प्रत्येक खडा कळतो. मी ज्या बाईबद्दल हे लिहितो आहे तिचं नाव-गाव देणार नाही. तिने मला दंड दाखवला होता. मनगटातल्या बांगड्या वर सरकवल्या, तर कोपर ओलांडून थेट काखेपर्यंत गेल्या. तिची तक्रार मात्र दंडाबद्दल नव्हतीच. ‘बसता येत नाही जी,’ एवढंच ती म्हणत होती. डॉक्टरांना सांगितलं का, असं विचारलं तर म्हणाली, सांगितलं, ते म्हणाले आता तब्येत चांगली आहे, सीडी-फोर वाढला आहे.

सीडी-फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, वाढला होता हे खरंच आहे. पण तिची मजुरी निम्म्यावर आली होती, त्याची नोंद कुठल्या रकान्यात व्हायची? चरबी म्हणजे नुसती शोभा असं ज्याला वाटतं, त्याने तिच्याविना एक दिवस फरशीवर बसून पाहावं.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. ती आहे गुप्ततेची.

मुर्रीसारख्या गावात माणसाचं फारसं काही झाकून राहत नाही. गोंदिया शहर वाढत वाढत मुर्रीला येऊन भिडलं, पण ओळखी अजून गावाच्याच आहेत. कोण कुठल्या राइस मिलमध्ये हमालीला जातो, कोणाचा पोरगा नागपूरला आहे, कोणाचा सुरतेला, कोणाच्या घरी मागच्या आठवड्यात सोयरीक आली होती, हे सगळ्यांना ठाऊक. अशा ठिकाणी एच.आय.व्ही.ची गोळी घेणारा माणूस काय काय करतो ते पाहा. डबीवरचं लेबल सोलून काढतो. पिशवीत डबी वाजू नये म्हणून आत कापूस भरतो. औषध मिळणाऱ्या केंद्रावर जायचं असेल तर घरी ‘शुगरची गोळी आणतो’ म्हणून निघतो. कोणी ओळखीचं दिसलं तर रांग सोडून बाहेरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहतो, आणि ते माणूस गेल्यावर परत येतो. एवढं सांभाळून ठेवलेलं गुपित मग त्याचाच चेहरा फोडतो. गालात खळगे, आत गेलेली कानशिलं, हातावर वर आलेल्या शिरा. एक काळ असा होता, की गावोगावच्या लोकांना हा चेहरा वाचता येऊ लागला होता. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत दूरची मावशी चार माणसांदेखत विचारते, ‘काहून वं, अशी कशी खंगली?’ आणि आजूबाजूचे चौघे उत्तर आधीच मनात धरून असतात. पोरीच्या लग्नाची बोलणी अशा एका नजरेवर मोडतात.

आपल्याकडे यासाठी कायदा आहे. एच.आय.व्ही. आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. माणसाच्या संमतीवाचून त्याला एच.आय.व्ही. आहे हे उघड करता येत नाही, नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करता येत नाही. कायदा चांगला आहे. केंद्रावरचे कागद कुलपात राहतात, नावाऐवजी नंबर पुकारतात, हे सगळं मान्य. पण उपचाराने बदललेला चेहरा गावभर तेच सांगत फिरत असेल, तर कुलपातल्या कागदांचा त्या माणसाला उपयोग काय? ज्या व्यवस्थेने गुप्ततेचं वचन दिलं, तिने दिलेल्या औषधाने गुप्तता मोडली, तर ती दुरुस्त करणं कोणाचं काम आहे? दिसण्याची हौस म्हणून जिला हिणवतात, ती बाई आपलं गुपित परत मागते आहे. वचन तिला कायद्याने दिलेलं आहे.

यावर लगेच सांगितलं जातं, की ही सगळी जुनी गोष्ट झाली. स्टॅव्हुडिन गेलं, २०२० नंतर टी.एल.डी. आलं, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर, दिवसातून एक गोळी. आता कोणाचे गाल बसत नाहीत.

गोळी चांगली आहे. विषाणू लवकर दबतो, तो औषधाला दाद देईनासा होण्याचा धोका कमी, आणि गाल खरंच बसत नाहीत. पण ज्यांचे २००८ किंवा २०१० मध्ये बसले, त्यांचे आपोआप भरून आले का? स्टॅव्हुडिन थांबवल्यावर चरबी परत येते ती फार हळू, आणि पुष्कळांच्या बाबतीत अपुरी. ती माणसं आज पन्नाशीत, साठीत आहेत, तोच चेहरा घेऊन. त्यांच्यासाठी प्रश्न संपला हे कोणी ठरवलं?

आणि नव्या गोळीवर वजन वाढतं, त्याचं काय? जोहान्सबर्गच्या ‘ॲडव्हान्स’ चाचणीत ९६ आठवड्यांनंतर मोजलं, तेव्हा आपल्या टी.एल.डी.च्या अगदी जवळच्या मिश्रणावर असलेल्यांचं वजन सरासरी ४.३ किलोने वाढलं होतं, जुन्या एफाविरेन्झवर असलेल्यांचं २.३ किलोने. टेनोफोव्हिरचा दुसरा, नवा प्रकार डोल्युटेग्राव्हिरसोबत दिला तर ७.१ किलोने. बायकांमध्ये वाढ जास्त होती. यावर उत्तर येतं, की आजारी माणूस सुधारला की अंगावर मांस चढणारच. काही वाटा तसा आहे. एफाविरेन्झ वजन दाबून धरतं आणि ते काढल्यावर वजन वर येतं, हेही खरं. पण जी बाई दहा वर्षं औषधावर आहे, जिचा विषाणू मोजणीत दिसेनासा झालेला आहे, जी आजारी नव्हतीच, तिची गोळी बदलल्यावर पोट पुढे आलं आणि ब्लाउज मानेपाशी बसेना झाला, तर ती कुठल्या आजारातून सुधारली म्हणायचं?

तिला सांगितलं जातं, भात कमी खा. धानाच्या जिल्ह्यात, रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं आणि त्यात बहुतेक तांदूळच असतो, अशा घरात हे सांगितलं जातं. थोडं चालत जा, असंही सांगतात, आणि ऐकणारी दिवसभर शेतात वाकून घरी आलेली असते. आहार-व्यायामाचा सल्ला चुकीचा नाही. पण गोळीने केलेल्या बदलाचा दोष तिच्या ताटावर ढकलायचा, हे चुकीचं आहे. ती घरी जाते आणि अर्ध्या पोटी राहते. पोट तरी कमी होत नाही. मग तिला वाटतं, चूक माझीच.

‘वजन वाढलं म्हणजे तब्येत सुधारली’ हे वाक्य आपल्याकडे फार जुनं आहे, आणि या रोगात ते आणखी घट्ट बसलं, कारण एड्स म्हणजे वाळणं हेच आपण पाहिलं होतं. पण नुसतं वजन काही सांगत नाही, हे आपल्याच पुण्याने जगाला दाखवलं. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन तंतोतंत सारखं, बी.एम.आय. २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. भारतीय शरीर बारीक दिसतं आणि आत, पोटात, चरबी साठवतं. मधुमेह आणि हृदयविकार आपल्याकडे लवकर गाठतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. अशा शरीरात औषधाने हातापायाची चरबी काढून घेतली आणि पोटाची वाढवली, तर वजनकाटा जागचा हलणारही नाही आणि धोका मात्र वाढून बसेल. काट्यावरचा आकडा पाहून ‘छान आहे’ म्हणणारा माणूस मग नेमकं काय पाहत असतो?

हृदयाबद्दल हे काही मी मनचं सांगत नाही. २०२३ मध्ये ‘रिप्रीव्ह’ चाचणीचे निष्कर्ष आले. एच.आय.व्ही. असलेल्या ४० ते ७५ वयाच्या माणसांना पिटाव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी दिली, तर हृदयविकाराचे मोठे झटके आणि तत्सम घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. ही माणसं आधी फार जोखमीची मानली जात नव्हती. महाराष्ट्रात जवळपास चार लाख लोक एच.आय.व्ही.सह जगत आहेत आणि औषधामुळे ते म्हातारे होणार आहेत. व्हायलाच हवेत. पंचावन्नाव्या वर्षी हृदय बंद पडलं, तर मृत्यूच्या दाखल्यावर एच.आय.व्ही. नसेल एवढंच, पण जीव गेलेलाच असेल. ज्या जिवाचा हवाला देऊन तक्रार गप्प केली जाते, तो वाचवायचा असेल तर कंबर मोजावी लागेल.

आता तो युक्तिवाद, जो मला सगळ्यात धोकादायक वाटतो. म्हणतात, या गोष्टी फार बोलू नका, लोक घाबरून गोळ्या सोडतील.

गोळ्या सोडणं जीवघेणं आहे, यात शंका नाही. २००६ मध्ये ‘स्मार्ट’ चाचणीने ते दाखवून दिलं. ३३ देशांतल्या ५,४७२ लोकांपैकी ज्यांना ठरवून औषध थांबवायला सांगितलं, त्यांच्यात आजार आणि मृत्यूचा धोका अडीच पटींनी जास्त निघाला. हृदय, मूत्रपिंड, यकृत यांचे त्रासही औषध थांबवलेल्यांनाच जास्त झाले. म्हणून पोट वाढलं, गाल बसले, काहीही झालं तरी स्वतःच्या मनाने एकही गोळी चुकवायची नाही. मुळापासून बरं करतो म्हणणाऱ्या भोंदूच्या पुडीला हात लावायचा नाही. इथे माझी कुठलीही तडजोड नाही.

पण माणसं गोळ्या सोडतात केव्हा? ज्याला आधी सांगितलं, की असं होऊ शकतं, झालं तर आमच्याकडे या, गोळी बदलता येते, तो परत येतो. ज्याला काहीच सांगितलं नाही, त्याच्या अंगात एक दिवस बदल दिसतो, विचारायला गेला तर ‘मनाला लावून घेऊ नका’ ऐकून परत येतो, तो आरशात पाहतो, गोळीकडे पाहतो आणि स्वतःच निर्णय घेतो. गप्प बसण्याने औषधावरचा भरवसा टिकतो, असं मानणाऱ्यांनी औषध सोडलेल्या माणसांशी एकदा बोलून पाहावं. घरी नेऊन गप्पपणे विहिरीत टाकलेल्या गोळ्यांचा हिशेब केंद्रावरच्या रजिस्टरात नसतो.

उरला ‘फुकट मिळतं ना’ हा शेवटचा टोला. तो ऐकून खूप माणसं खाली मान घालतात, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. हे औषध कोणाच्या खिशातून आलेली भीक नाही. ते करातून येतं. बिडी वळणारी बाईही मिठापासून साबणापर्यंत जे विकत घेते, त्याच्या किमतीत सरकारचा वाटा भरत असते. शिवाय एका माणसाचा विषाणू पुरता दबला की शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही. म्हणजे ती रोज गोळी घेते, तो तिने गावावर केलेला उपकार आहे. २०१७ च्या कायद्यात उपचार देण्याच्या कलमातच ‘शक्य तितकं’ असे शब्द घालून ठेवले आहेत. एच.आय.व्ही.सह जगणाऱ्यांच्या संघटनांनी त्या शब्दांना तेव्हाच हरकत घेतली होती, आणि ती योग्य होती. उपचाराला अशी पळवाट ठेवली, की त्याचे दुष्परिणाम आपोआप शक्यतेच्या बाहेर जाऊन पडतात.

खरोखर अशक्य आहे का? ब्राझीलच्या सरकारी आरोग्यव्यवस्थेने २००४ पासून अशा रुग्णांच्या चेहऱ्यावरचे खळगे भरण्याचे उपचार मोफत देण्याचं ठरवलं. अमेरिकेच्या सरकारी विमा योजनेने, मेडिकेअरने, २०१० मध्ये चेहरा भरण्याच्या इंजेक्शनांचा खर्च मान्य केला, एच.आय.व्ही.च्या औषधाने चेहरा बिघडला आहे आणि त्यातून नैराश्य आलं आहे अशा रुग्णांसाठी. चेहरा जाणं हा उपचाराचाच विषय आहे, हे तिथल्या सरकारी विम्याला कळलं. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला प्लास्टिक सर्जरीचा विभाग आहे. भाजलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तिथे काम होतं आणि कोणी त्याला हौस म्हणत नाही. औषधाने खाल्लेल्या चेहऱ्याला तोच न्याय का नाही?

आणि तिथपर्यंत जायच्या आधी जे करायचं आहे, त्याला लागतो दहा रुपयांचा शिंप्याचा टेप. वजन तर दर भेटीत लिहिलंच जातं. त्याच्या शेजारी कमरेचा घेर लिहा. पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या वर गेला, बाईचा ८० च्या वर गेला, की साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा. नव्या गोळीवर आणताना आधी सांगा, की वजन वाढू शकतं. झिडोव्हुडिनवर राहिलेल्या कोणाचे गाल बसू लागले, तर ‘बघू’ म्हणत वर्ष घालवू नका, औषध बदला. चेहरा आधीच गेलेल्यांची यादी करा, त्यांच्या संमतीने, आणि त्यांना नागपूरला पाठवा, गाडीभाडं देऊन. हे मागायला आलेल्या बाईला तिच्यावरच्या उपकारांची आठवण करून देऊ नका. तिचं उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक उघडा आणि ती काय म्हणते आहे, ते तिच्यासमोर त्यात लिहा.